नळातून येणारा गाळ आणि घरातली यंत्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याचे पहिले काही आठवडे, पाणीपुरवठा बंद राहिल्यानंतरची दुसरी सकाळ आणि उन्हाळ्यात टँकर येऊन गेल्यानंतरचे दोन तास. घरातल्या यंत्रांच्या तक्रारी या वेळांना हमखास येतात. वॉशिंग मशीन पाणी घेत नाही, गॅस गीझर पेटत नाही, आरओची टाकी भरता भरत नाही. बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, त्याच्या तोंडाशी माती अडकलेली असते. माझं मत आधीच सांगून ठेवतो: गाळ टाकीतच अडवायचा, तिथून निसटेल तो जाळीत पकडायचा आणि बारीक फिल्टरचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. बाजारात हा क्रम नेमका उलटा सांगितला जातो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पाणी तर स्वच्छ दिसतं, मग जाळीत गाळ येतो कुठून?

शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी स्वच्छच असतं. मुंबईचं भांडुप केंद्र असो की पुण्याचं पर्वती, तिथे तुरटीसारखं रसायन घालून माती खाली बसवतात आणि वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळून पुढे सोडतात. घाण मिसळते ती वाटेत. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही, हे त्याचं मोठं कारण. पुरवठा बंद असतो तेव्हा वाहिनी रिकामी होते, आत हवा शिरते आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचं मातकट पाणी आत झिरपतं. जुन्या लोखंडी पाइपांना आतून गंज चढलेला असतोच. पुन्हा पाणी सोडलं की पहिल्या धक्क्याला हे सगळं सुटतं आणि पाण्याबरोबर वाहत घरापर्यंत येतं. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी येणारं पहिलं पाणी म्हणूनच मातकट असू शकतं. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी कित्येक वस्त्यांत काही दिवसांच्या अंतरानं येतं. तिथे प्रत्येक पाळीला हेच घडतं.

नेमकं काय येतंय हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. वॉशिंग मशीनच्या जाळीवरचा थर बोटावर घ्या आणि अंगठ्यानं चोळा. कचकच लागली तर वाळू किंवा बोअरची कच आहे. बुळबुळीत लागलं तर नदीची माती, त्यात थोडं शेवाळही असेल. बोट तांबूस झालं तर पाइपचा गंज. पांढरे मऊ धागे दिसले तर ती प्लंबरनं आट्यांना गुंडाळलेली टेफ्लॉन टेप आहे, आणि नखानं तुटणारे पांढरे कपचे असतील तर तो क्षार. उपाय यावरूनच ठरतो.

गाळ आणि क्षार एकच ना? दोन्हींना एकच फिल्टर चालेल का?

दोन्ही वेगळे आहेत, आणि इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गाळ पाण्यात तरंगत असतो. ग्लास रात्रभर हलवला नाही तर तो तळाशी बसतो आणि कापडातून, जाळीतून अडवता येतो. क्षार मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. पाणी काचेसारखं निवळ दिसतं, कुठल्याही जाळीतून आरामात पार होतं आणि तापलं की गीझरच्या कॉइलवर पांढरं पुट चढवतं. बोअरच्या पाण्याला आपण जड पाणी म्हणतो ते यामुळे.

म्हणून गाळासाठी लावलेला फिल्टर क्षार कमी करणार नाही आणि क्षारासाठी घेतलेलं सॉफ्टनर गाळ अडवणार नाही. उलट सॉफ्टनरच्या रेझिनमध्ये (क्षार धरणाऱ्या बारीक मण्यांमध्ये) माती गेली तर ते रेझिनच निकामी होत जातं, म्हणून त्याच्या आधी गाळाचा फिल्टर असलाच पाहिजे. पाइपला बाहेरून बांधायचं चुंबक गाळाचा एक कणही धरत नाही. त्यावर खर्च करू नका.

आपलं पाणी किती गढूळ आहे हे घरी कसं पाहायचं?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ एनटीयूपर्यंत चालवून घेतात. ५ च्या आसपास पोचलं की ग्लासात पाणी किंचित धुरकट दिसू लागतं. म्हणजे डोळ्यांना गढूळ दिसतंय तेव्हा मर्यादा ओलांडली असं धरायला हरकत नाही.

पण यंत्रांच्या दृष्टीनं एका ग्लासापेक्षा एक बादली जास्त सांगते. पांढरी बादली भरून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचं पाणी अलगद ओता आणि तळाशी काय उरलंय ते पाहा. हे एकदा थेट नळाच्या पाण्याचं करा आणि एकदा टाकीतून येणाऱ्या पाण्याचं. नळाचं पाणी स्वच्छ आणि टाकीचं गढूळ निघालं तर दोष तुमच्या टाकीत किंवा पाइपांत आहे, महापालिकेकडे तक्रार करून काही होणार नाही. उलट निघालं तर तक्रार जरूर करा, आणि बादलीचा फोटो जोडा.

सगळ्यात आधी खर्च कशावर करावा?

टाकीवर. यात मला शंका नाही.

गाळ खाली बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारी घरातली एकमेव जागा टाकी आहे. ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू १ मीटर खोल पाण्यात दोनेक मिनिटांत तळाला जाते. त्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, म्हणजे २० मायक्रॉनच्या (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला पाऊण तास लागतो. चिकणमातीच्या २ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवस लागतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की यंत्रांना इजा करणारी वाळू आणि जाडी माती टाकीत तासाभरात बसते. पाणी तोवर ढवळलं जाऊ नये आणि तळाशी बसलेला गाळ पुन्हा पाइपात ओढला जाऊ नये, एवढंच आपल्याला बघायचं आहे.

आता गच्चीवर जाऊन टाकीचं आउटलेट बघा. प्लास्टिकच्या टाकीला भोक पाडताना प्लंबर बहुतेक वेळा ते अगदी तळालगत पाडतो, कारण टाकीतलं सगळं पाणी वापरता यावं असं घरमालकाला वाटत असतं. तळाचा गाळ मग रोज थोडा थोडा खाली उतरतो. यावर उपाय सोपा आहे. टाकीच्या आतून आउटलेटला एक एल्बो आणि १० ते १५ सेंटिमीटरचा उभा तुकडा लावून घ्या, तोंड वर करून. पाणी त्या उंचीवरून उचललं जातं आणि खालचा थर जागेवर राहतो. तो थर काढायला तळालगत वेगळा वॉशआउट आणि त्याला व्हॉल्व्ह हवा. जुन्या टाकीत आउटलेट तळाला असेल तर तेच भोक वॉशआउटसाठी वापरता येतं, पण घरात जाणारी लाइन मात्र उभा तुकडा लावलेल्या वेगळ्या आउटलेटमधूनच घ्या. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. हजार लिटरच्या टाकीत शंभरेक लिटर पाणी कायम शिल्लक राहील, ते वाया जातंय असं समजू नका.

भरणारी लाइनही बघून घ्या. मोटरचं पाणी वरून धबधब्यासारखं पडत असेल तर प्रत्येक वेळी तळ ढवळला जातो. इनलेट आउटलेटच्या विरुद्ध बाजूला असावा आणि पाणी टाकीच्या भिंतीवरून सरकत खाली यावं.

टाकी किती दिवसांनी धुवायची?

वर्षातून दोनदा तरी: एकदा मेअखेर, पाऊस सुरू व्हायच्या आत, आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्यात साठलेली माती काढायला. टँकरवर असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडून टॉर्चनं तळ बघा. तळाचा रंग दिसेनासा झाला की धुवायची वेळ झाली. वॉशआउट असेल तर दर आठवड्याला अर्धा मिनिट तो सोडून द्या. मोठी धुलाई त्यामुळे लांबते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जमिनीखालच्या टाकीत कुणालाही एकट्यानं उतरू देऊ नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत उतरलेला माणूस ओरडण्याआधी बेशुद्ध पडू शकतो. झाकण बराच वेळ आधी उघडं ठेवा, मोटरचा मेन स्विच बंद करा, वर दुसरा माणूस उभा करा. कमरेला दोर बांधूनच उतरायचं. कुणी आत कोसळलं तर मागोमाग उडी घालायची नाही. धुणारा माणूस रोजचा सरावाचा असला तरीही यातलं काही सोडायचं नाही.

पाणी आल्या आल्या मशीन लावलं तर चालेल?

थांबलेलं बरं. पाणी बंद राहिल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं मोरीतला किंवा बागेतला नळ सोडा, ते पाणी झाडांना आणि फरशीला वापरा. टाकीत पाणी चढवायचं ते त्यानंतर. टँकर खाली झाल्यावर तर एक-दोन तास मशीन, गीझर, आरओ काहीच लावू नका. टँकरच्या जाड पाइपमधून पाणी एवढ्या जोरानं येतं की खालच्या टाकीतला जुना गाळही उसळून वर येतो, आणि मोटर लगेच लावली तर तो थेट गच्चीवर पोचतो. पाणी आणायला जेवढे पैसे जातात, त्यापुढे ही वाट पाहणं फुकट आहे.

वॉशिंग मशीनमध्ये पाणी फार हळू येतं. मेकॅनिकला बोलवायचं का?

आधी जाळी बघा. हे काम घरच्या कुणालाही जमेल.

मशीनचा प्लग काढा. भिंतीवरचा नळ बंद करा. मशीनच्या मागच्या बाजूचा पाइप हातानंच सैल करा, खाली जुनं फडकं आणि वाटी ठेवा, थोडं पाणी सांडतं. पाइप निघाला की व्हॉल्व्हच्या तोंडात प्लास्टिकची टोपीसारखी बारीक जाळी दिसेल, मधोमध एक छोटा दांडा असतो. तो पकडीनं हलकेच धरून सरळ बाहेर ओढा. हिसका देऊ नका, जाळी फाटते. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं आतून बाहेर अशी घासा. क्षाराचं पुट असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवून ठेवा. पाइपाच्या नळाकडच्या टोकालाही कधी कधी दुसरी जाळी असते, तीही बघा. गरम पाण्याची वेगळी जोडणी असेल तर तिथली जाळी लोक हमखास विसरतात. पाइप परत लावताना रबरी वॉशर जागेवर आहे का ते पाहा, हातानं घट्ट करा, नळ उघडून पाच मिनिटं थेंब पडतो का बघा, मगच मशीन भिंतीला सरकवा.

पाणी वेळेत भरलं नाही की ऑटोमॅटिक मशीन थांबतं आणि कोड दाखवतं. एलजीमध्ये तो ‘आयई’ असतो, सॅमसंगमध्ये ‘४सी’ किंवा ‘४ई’. हा कोड म्हणजे पाणी पुरेसं येत नाही एवढाच निरोप आहे. नळ पूर्ण उघडा आहे ना, पाइप मुडपलेला नाही ना, जाळी साफ आहे ना, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सर्व्हिस कॉल लावू नका.

ही जाळी सारखी तुंबते. काढूनच टाकली तर?

काढू नका, आणि कुणी मेकॅनिक काढून देत असेल तर त्यालाही थांबवा. जाळीच्या मागे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. त्यात एक लहानसा रबरी पडदा बारीक भोकावर बसून पाणी बंद करतो. वाळूचा एक कण त्या पडद्याखाली अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग मशीन बंद असतानाही ड्रममध्ये थेंब थेंब पाणी साठत राहतं. सकाळी दार उघडल्यावर न लावलेल्या मशीनमध्ये तळाशी पाणी दिसलं तर हेच झालेलं असतं. जाळी धुवायला दहा मिनिटं लागतात, व्हॉल्व्ह मात्र नवा घ्यावा लागतो.

जाळी सारखी तुंबते याचा अर्थ ती तिचं काम करते आहे आणि तिच्या आधी काहीतरी बसवायची गरज आहे.

मग टाकीच्या आउटलेटवर फिल्टर बसवू का? कुठला घ्यावा?

इथे दाबाचा हिशेब आधी समजून घ्या. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ बार दाब. तुमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल आणि टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा ३ मीटर उंच असेल, तर तुम्हाला मिळतो फक्त ०.३ बार. बऱ्याच ऑटोमॅटिक मशीनना किमान जवळपास तेवढाच दाब लागतो, आपल्या मशीनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अशा लाइनवर ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर (दाबून गुंडाळलेल्या धाग्यांचं पांढरं नळकांडं) बसवला की नवा असताना कसंबसं चालतं. दोन आठवड्यांत त्यात माती भरली की पाण्याची धार बारीक होते आणि गाळाआधी फिल्टरमुळेच मशीन थांबतं. जाहिरातीतले पूर्ण घराचे फिल्टर मुख्यतः पंपाच्या किंवा वाहिनीच्या दाबावर चालायला बनवलेले असतात. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला ते जसेच्या तसे लावू नयेत.

मला विचाराल तर ठिबकवाल्या शेतकऱ्याकडून शिका. त्याच्या ड्रिपरचं भोक वॉशिंग मशीनच्या जाळीइतकंच नाजूक असतं आणि विहिरीचं, कालव्याचं पाणी आपल्या नळापेक्षा कितीतरी गढूळ. तरी तो हंगामभर पाणी चालवतो, कारण तो टप्प्याटप्प्यानं गाळतो: बोअरची वाळू जास्त असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गोल फिरवून वाळू वेगळी करणारं भांडं), कालव्याचं किंवा तळ्याचं पाणी असेल तर वाळूचा फिल्टर, आणि मग जाळीचा किंवा चकतीचा फिल्टर. घरासाठी यातला चकतीचा फिल्टर, म्हणजे डिस्क फिल्टर, फार उपयोगी आहे. शेतीसाहित्याच्या दुकानात पाऊण आणि एक इंची आकारात मिळतो. १२० मेशचा घ्या, तो साधारण १३० मायक्रॉनचे कण अडवतो. आत खोबणी असलेल्या पातळ प्लास्टिकच्या चकत्यांची चळत असते. झाकण उघडायचं, चळत सैल करायची, नळाखाली धुवायची आणि परत बसवायची. बदलायला काही लागत नाही आणि स्वच्छ असताना पाण्याचा दाब फारसा खात नाही. शक्य असेल तर लाइनपेक्षा एक आकार मोठा घ्या.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेत आणि एक बायपासही (फिल्टर टाळून जाणारी लाइन), नाहीतर धुताना सगळ्या घराचं पाणी बंद होतं आणि मग धुणंच टाळलं जातं. तो गच्चीवर उन्हात ठेवण्यापेक्षा हाताला येईल अशा जागी, डक्टमध्ये किंवा बाल्कनीत बसवा. पितळी वाय-स्ट्रेनरही चालतो, विशेषतः जुन्या लोखंडी लाइनमधून गंजाचे पोपडे येत असतील तर. ५ मायक्रॉनचा स्पन मात्र फक्त आरओच्या आधी, किंवा प्रेशर पंप लावलेला असेल तिथेच. आणि पंपाच्या ओढीच्या बाजूला कधीच नाही, तिथे जाळीचा स्ट्रेनर पुरे.

गीझरमधला गाळ कसा काढायचा?

भिंतीवरच्या साठवणुकीच्या गीझरमध्ये थंड पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाणी वरून बाहेर पडतं. त्यामुळे पाण्याबरोबर आलेली माती तळाला बसते आणि आपोआप कधीच बाहेर जात नाही. वर क्षाराचे कपचे कॉइलवरून सुटून त्याच ठिकाणी पडतात. दोन-तीन वर्षं न उघडलेल्या गीझरचं खालचं झाकण काढलं की तपकिरी चिखलात पांढऱ्या कपच्यांचा राडा निघतो. कॉइल त्यात अर्धी बुडालेली असते, तिची उष्णता पाण्याला नीट मिळत नाही, वीज जास्त जाते आणि कॉइल लवकर जळते. गीझर तापताना कडकड, खडखड आवाज येतो तो या थराखाली अडकलेल्या पाण्याचे बुडबुडे फुटल्याचा.

साधारण पाणी असेल तर दोन वर्षांतून एकदा, बोअर किंवा टँकर असेल तर दरवर्षी गीझर उघडून साफ करून घ्या. मेकॅनिककडूनच करवा, वीज आणि पाणी एकत्र आहे. तो आला की आतला मॅग्नेशियमचा दांडा बघायला सांगा. टाकीऐवजी तो झिजावा म्हणून बसवलेला असतो, आणि संपला की टाकी गंजायला लागते. काम झाल्यावर स्विच लावायच्या आधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येते का पाहा. रिकाम्या टाकीत कॉइल तापली तर नवी असली तरी जाते. तापमान ६० अंशांच्या वर ठेवू नका, त्यापुढे क्षार फार वेगानं जमतो.

गॅस गीझरची गोष्ट छोटी आहे. त्याच्या पाण्याच्या इनलेटला एक चाळणी असते, ती तुंबली की पाण्याचा दाब कमी पडतो आणि बर्नर पेटत नाही. लोक सेल बदलत बसतात. सेल बदलून फरक पडला नाही तर चाळणी साफ करून घ्या.

गच्चीवर सोलर आहे. त्यातही गाळ बसतो का?

बसतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. काचेच्या नळ्यांचं सोलर असेल तर प्रत्येक नळी म्हणजे खालून बंद असलेली तिरकी विहीरच. टाकीत आलेली माती गरम-थंड पाण्याच्या फिरण्याबरोबर नळीत उतरते आणि तळाशी साठते. टाकी रिकामी केली तरी नळ्यांतलं पाणी आणि माती तशीच राहते. पाणी पूर्वीइतकं तापत नसेल आणि ऊन स्वच्छ असेल, तर नळीच्या खालच्या टोकाकडे निरखून बघा, किंवा सोलरवाल्याला एक नळी काढून दाखवायला सांगा. कधी कधी वीतभर चिखल निघतो.

हे काम भल्या सकाळी, ऊन चढायच्या आत करायचं. दुपारी कधीच नाही: आतलं पाणी भाजतं, आणि उन्हात रिकाम्या तापलेल्या नळीत थंड पाणी शिरलं तर काच तडकते. सोलरला जाणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनवर चकतीचा फिल्टर लावला तर ही वेळ बरीच लांबते.

आरओचा फिल्टर महिन्यातच काळा-तपकिरी होतो. कंपनीचा माणूस तर म्हणतो सहा महिने चालतो.

सहा महिने हा एक अंदाज आहे. बाहेरच्या पारदर्शक भांड्यातला पांढरा स्पन तपकिरी झाला आणि आरओची टाकी भरायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागू लागला की बदलायचा, तारीख काहीही असो. जुलै-ऑगस्टमध्ये तो लवकर जाणार हे धरून एक-दोन जास्तीचे घरात ठेवा, इतर सुट्या भागांच्या मानानं तो स्वस्त असतो. स्पन वेळेवर बदलला तर आतला कार्बन आणि महागडं मेम्ब्रेन वाचतं. बाहेर स्पन नसेलच तर आधी बसवून घ्या. जुना धुऊन परत लावू नका, वरची माती जाते पण आतल्या थरांत रुतलेली जात नाही.

विदर्भात आमचा कूलर एप्रिलपासून चालतो. त्याचं काय?

कूलरला गाळ आणि क्षार दोन्ही एकदम छळतात, कारण टाकीतलं पाणी उडून जातं आणि त्यातली माती-क्षार मागेच राहतात. वर रोज नवीन पाणी भरलं जातं, म्हणजे आतलं पाणी दिवसेंदिवस दाट होत जातं. पंपाची जाळी तुंबते, वरच्या नळीची भोकं बुजतात, गवताच्या किंवा वाळ्याच्या पॅडवर कोरडे पट्टे पडतात आणि तेवढ्या भागातून गरम हवा आत येते. कोरडे पट्टे दिसले की भोकं तारेनं मोकळी करा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या, डासांच्या दृष्टीनंही ते हवंच. पंप टाकीच्या तळावर थेट ठेवू नका, विटेच्या तुकड्यावर किंवा फरशीवर दोन बोटं उंच बसवा आणि जाळीभोवती जुन्या सुती कापडाचा सैल तुकडा बांधा. पंपाला किंवा पाण्याला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. कूलरचा शॉक बसून दर उन्हाळ्यात माणसं जातात.

बोअरचं पाणी भरताना निवळ असतं, पण बादलीत थोड्या वेळानं लालसर होतं. बारीक फिल्टर लावू?

हे विरघळलेलं लोह आहे. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि मग तो गाळ बनतो. कोकणात हा त्रास बऱ्याच ठिकाणी दिसतो. हवा लागण्याआधी कितीही बारीक फिल्टर लावला तरी ते आरपार जाणार. म्हणून पाणी टाकीत पडताना शॉवरसारखं पसरून पडू द्या, रात्रभर थांबू द्या, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे उंचावरच्या आउटलेटमधून घ्या. लोह जास्त असेल तर वेगळा लोहनिवारक फिल्टर लागतो, त्याआधी पाणी तपासून घ्या.

बोअरमधून वाळू-कच येत असेल तर कारण वेगळं. नवी बोअर असेल तर काही दिवस पाणी सोडून द्यावं लागतं. जुनी असेल आणि मार्च-एप्रिलमध्येच त्रास होत असेल तर पातळी खाली गेली आहे आणि पंप तळाजवळचं पाणी ओढतो आहे. पंप थोडा वर घ्यायचा, कमी वेळ चालवायचा, आणि पावसाळ्यानंतर बोअर कॉम्प्रेसरनं फ्लश करून घ्यायची.

टाकीत तुरटी फिरवली तर?

हंड्यात, बादलीत जरूर फिरवा, पिढ्यानपिढ्यांचा उपाय आहे. पण गच्चीवरच्या टाकीत अंदाजानं टाकू नका. तुरटीनं मातीचे कण एकत्र येऊन मऊ गोळे बनतात. आउटलेट तळाला असेल तर ते गोळे सरळ गीझरमध्ये आणि मशीनच्या जाळीवर जाऊन बसतात. जास्त झाली तर पाणी आम्लधर्मी होऊन धातूच्या भागांना त्रास देतं. आणि तुरटीनं निवळलेलं पाणी पिण्यासाठी उकळावं लागतंच, ते दिसायला स्वच्छ झालं तरी.

भाड्याचं घर आहे, टाकीला हात लावता येत नाही. आम्ही काय करावं?

मशीनच्या नळाला आणि पाइपाला जोडणारा छोटा धुता येणारा जाळीचा फिल्टर मिळतो, तो लावा आणि घर सोडताना काढून न्या. बेसिनच्या नळाच्या तोंडाशी असलेली जाळी महिन्यातून एकदा उघडा. ती सगळ्यात आधी भरते, म्हणून तिच्याकडे बघून मशीनची जाळी कधी धुवायची हे कळतं. बिल्डिंगमध्ये पाइपचं किंवा टाकीचं काम झालं त्या दिवशी मशीनचा पाइप नळावरून काढा, नळ बादलीत पाच मिनिटं सोडा आणि मगच परत जोडा. सिमेंटचे खडे, पाइप कापल्याचा भुसा आणि टेपचे तुकडे त्याच दिवशी येतात.

सोसायटीच्या कमिटीकडे नेमकं काय मागायचं?

चार गोष्टी लेखी मागा. खालच्या टाकीच्या मोटरचा फूट व्हॉल्व्ह (ओढीच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून किमान ३० सेंटिमीटर वर घ्यावा. टँकर आणि नगरपालिकेचं पाणी येणाऱ्या कप्प्यात आणि मोटर ओढते त्या कप्प्यात अर्धी भिंत असावी, म्हणजे गाळ पहिल्या कप्प्यातच बसेल. गच्चीवरच्या टाक्यांची आउटलेट उंच करून वॉशआउट लावावेत. आणि टाकी धुतल्याची तारीख जिन्याजवळच्या फलकावर लिहावी, धुण्याआधीचा आणि नंतरचा फोटो ग्रुपवर टाकावा. टँकर खाली झाल्यावर तासभर मोटर न लावण्याची सूचना वॉचमनच्या खोलीत चिकटवली तर तिला खर्चच नाही. सर्वसाधारण सभेत हा विषय आणताना आपल्या मशीनची जाळी न धुता तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.